पाच-एक, सात-एक आणि भावोजी

फेब्रुवारी संपत आला की आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये एक कागद चिकटवला जातो. दहावी-बारावीच्या परीक्षा सुरू आहेत, टीव्ही व म्युझिक सिस्टिमचा आवाज घराबाहेर जाणार नाही याची सभासदांनी काळजी घ्यावी. खाली सेक्रेटरींची सही. यंदा तो कागद माझ्या घरासाठीही आहे, कारण माझी ईशा दहावीला आहे. गेल्या रविवारी मी रिसीव्हरची वायर काढली, जमिनीवरच्या स्पीकरांवर जुन्या चादरी टाकल्या, आणि आमचा हॉल कुणी गावाला निघाल्यासारखा दिसायला लागला.

अंबरनाथ पूर्वेला हे दिवस विचित्र शांत असतात. पहाटे पायाला फरशी गार लागते आणि अकराला ऊन टोचायला लागतं. गच्चीवर मुलं पुस्तक छातीशी धरून फेऱ्या मारतात, ओठ हलतात, आवाज येत नाही. संध्याकाळी वारा फिरला की आनंदनगरच्या कारखान्यांकडून तो गोडसर, घशात बसणारा वास येतो आणि सगळ्या बिल्डिंगच्या खिडक्या एकामागून एक लागत जातात. कुकरची शिट्टीसुद्धा अपराध केल्यासारखी वाटते. एरवी ज्या घरांमधून मालिकांचं रडणं ऐकू येतं, त्या घरांमधून फक्त पंख्याची घरघर येते.

या शांततेत मला भावोजी आठवतात. माझ्या थोरल्या बहिणीचे, सुनंदाताईचे यजमान. काही वर्षांपूर्वी त्यांचा आशिष बारावीला होता, आणि त्याच्या परीक्षेचे ते पाच-सहा आठवडे भावोजी माझ्या घरी येऊन बसत. मी त्यांच्याशी काय केलं ते मी आजवर कुणाला सरळ सांगितलेलं नाही.

तेव्हा मला आवाजाचं वेड लागलं होतं. साधा टीव्ही बघताना आवाज समोरून येतो, भिंतीवर चिकटवलेल्या चित्रासारखा. पाच स्पीकर आणि एक वूफर लावला, ज्याला आम्ही पाच-एक म्हणतो, की तोच आवाज भिंतीवरून उतरून खोलीत येतो. समोरचा माणूस मधल्या स्पीकरमधून बोलतो, बाजूने गाडी जाते, मागे कुणीतरी दार लावतं. सात-एकमध्ये पाठीमागे आणखी दोन स्पीकर येतात. आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या मागे लगेच भिंत, त्यामुळे ते दोन जवळजवळ कानाला टेकलेले. तरी मी ते लावले. आणि शेवटी अ‍ॅटमॉस, म्हणजे छतातही दोन. ते बसवताना ड्रिल मशीनच्या आवाजाने वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या होत्या. पण पडद्यावर हेलिकॉप्टर आलं आणि माझ्या पंख्याच्या वरून गेलं, तेव्हा मी लहान मुलासारखा वर बघितलं होतं.

ऑफिसातून आलो की मी एकच दृश्य चारदा लावायचो. कधी पाच-एकमध्ये, कधी सात-एकमध्ये, कधी छतासकट. मोबाइलवरून येणारा दाबलेला आवाज आणि डिस्कवरचा पूर्ण आवाज यातला फरक मला ऐकू येतो की येत नाही, यावर माझी झोप अवलंबून असायची. या भागातल्या आम्हा वेड्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, बदलापूरपासून उल्हासनगरपर्यंतची तीसेक माणसं. तिथे आम्ही एकमेकांच्या कानांची लायकी काढायचो. कुणाला फरक ऐकू आला नाही तर तो संपला.

सगळं सामान मी उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराकडून घेतलं होतं. आतल्या अंगाला त्याची एक खोली होती, भिंतींना जाड गालिचे, दार लावलं की बाजाराचा गोंगाट कापल्यासारखा बंद. ओळख वाढल्यावर त्याने मला एकदा हसत सांगितलं, "साहेब, कस्टमरला फरक ऐकू येत नाय. पहिले आपण बोलायचा, अब सुनो, आता बघा कसा खुलतो. मग त्याला ऐकू येतो. मी बटनपण दाबत नाय कधी कधी."

मी हसलो. हे वाक्य मात्र डोक्यात राहिलं.

भावोजी आनंदनगरला एका पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात प्रेस चालवत. चोवीस वर्षं. दिवसभर पत्र्यावर पडणारे घाव. कंपनीने कानात घालायचे बोळे दिले होते, पण कोणी घालत नसे, कारण घाव नीट बसला की नाही हे आवाजावरूनच कळतं. उंचीला बेताचे, हाताची बोटं जाड, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे एकटक बघायची सवय. पूर्वी मला वाटायचं, काय लक्ष देऊन ऐकतात आपलं.

फेब्रुवारीतच ताईचा फोन आला. "सतीश, एक काम कर. आशिषची परीक्षा होईपर्यंत यांना संध्याकाळी तुझ्याकडे ठेव. टीव्ही इतका मोठा लावतात की पोराला अभ्यास होत नाही. सांगितलं की बंद करतात, मग नुसते बसून राहतात. बघवत नाही."

बदलापूरला मांजर्लीत त्यांची दोन खोल्यांची जागा. मी म्हटलं, "येऊ देत की."

पहिली पाळी तीनला सुटली की घरी डबा ठेवून ते यायचे, पाचच्या सुमाराला. चप्पल दाराबाहेर नीट जुळवून ठेवायचे, हातपाय धुवायचे आणि सोफ्याच्या एका टोकाला बसायचे. आठच्या आत निघायचे. पहिल्या दिवशी मी सिस्टिम लावली तेव्हा त्यांनी तळहात सोफ्याच्या हातावर पालथा ठेवला आणि पाय फरशीला टेकवले. वूफर घुमला तसे माझ्याकडे बघून म्हणाले, "हा खालून येतो."

"आणि वरचा, भावोजी? पाऊस ऐकू येतो का वर?"

त्यांनी छताकडे बघितलं. स्पीकरच्या जाळीकडे. "येतो ना. वा."

त्यांना सगळंच आवडायचं. त्याचाच मला राग यायला लागला. मी ज्या फरकासाठी रात्री वाया घालवल्या होत्या, तो त्यांना एका चहात कळत होता. पाच-एक लावलं, वा. सात-एक लावलं, वा, जास्त मोकळं आहे. साधा टीव्ही लावला, तरी वा. माझी बायको मेधा म्हणायची, "अरे, त्यांना बरं वाटतंय ना, मग झालं." मला ते पुरत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात, एकदा आम्ही दोघेच असताना, ते स्वतःहून बोलले. कारखान्यात वर्षातून एकदा कानांची तपासणी व्हायची. हेडफोन लावायचा, सूर ऐकू आला की बोट वर करायचं. "तो तपासणारा पोरगा बटण दाबताना मनगट हलवतो," भावोजी म्हणाले. "मी मनगटाकडे बघतो. दर वर्षी पास." आणि ते हसले, मनापासून, शाळेतली कॉपी सांगणाऱ्या माणसासारखे. "सुनंदाला माहीत आहे. आता तुला. प्रेसवरून काढलं तर मला दुसरं काही येत नाही रे."

म्हणजे मला माहीत होतं. यापुढचं वाचताना हे लक्षात ठेवावं.

आधी बारीक आवाज जातात, हे मी वाचलेलं होतं. पक्षी जातात, शिट्टी जाते, स, श, त ही अक्षरं झिजतात. बायकांचे आणि मुलांचे आवाज जातात. ढोल राहतो. ताईचा आवाज बारीक आहे, आमच्या आईसारखा. तो त्यांना कधीपासून ऐकू येत नव्हता कोण जाणे. हे सगळं मला ठाऊक होतं आणि त्याचं मला कुतूहल वाटायचं. दया नाही. कुतूहल.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी आशिष क्लासला गेला होता, म्हणून ताईही भावोजींबरोबर आली. डब्यात नारळाच्या वड्या होत्या. दोन मजले वर राहणारा गिरीश आला होता, आमच्याच ग्रुपातला. मी त्याला आधी सांगून ठेवलं होतं. मेधा ईशाला घेऊन माहेरी गेली होती. ती असती तर कदाचित मी केलं नसतं.

"भावोजी, आज तुमची परीक्षा," मी म्हटलं. "एकच सीन चार वेळा. फरक सांगायचा."

ते खूश झाले. सरसावून बसले. पडद्यावर एका घरात नवरा-बायकोचं भांडण आणि बाहेर वादळ, असं दृश्य होतं. खाली इंग्रजी अक्षरांत संवाद. गिरीशने मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला.

मी म्हटलं, "हे पाच-एक." आणि लावलं.

"छान," भावोजी म्हणाले.

"आता सात-एक." मी रिमोट उचलला, हवेत धरला, काही दाबलं नाही.

"हां. आता मागून येतोय. वारा मागून."

गिरीशने तोंडावर हात ठेवला.

"आता अ‍ॅटमॉस." पुन्हा काही नाही.

"हा वरून. स्पष्ट वरून." त्यांनी बोटाने छत दाखवलं. शिकल्यासारखं दाखवलं.

चौथ्या वेळी मी खरोखर बटण दाबलं. सगळे स्पीकर बंद केले. फक्त वूफर चालू ठेवला. खोलीत नुसती एक घरघर उरली, लांबून रिकामा ट्रक जावा तशी. पडद्यावर ती बाई रडत होती, ओरडत होती, आणि तिच्या तोंडातून काहीही बाहेर पडत नव्हतं. "आणि हे सगळ्यात भारी, भावोजी. डिस्कवरचं. पूर्ण."

त्यांनी तिच्या ओठांकडे बघितलं. खालची अक्षरं वाचली. डोळे किंचित मिटले आणि मान डोलावली.

"याला तोड नाही, सतीश. बोलणं तर किती स्वच्छ. तिचा श्वाससुद्धा ऐकू येतो."

गिरीश फुटला. त्याच्यामागे मी. हसता हसता मला खोकला लागला. आम्ही हसतोय हे दिसल्यावर भावोजीही हसले, आपण काहीतरी चांगलं बोललो अशा समजुतीने. ताई हसली नाही. तिने वडीचा डबा हळूच झाकला, उठून त्यांच्या समोर आली, आणि ओठ नीट उघडून, सावकाश म्हणाली, "चला. आशिष येईल."

तिला घाई आहे असं मी धरून चाललो.

संध्याकाळी मी ते चित्रण ग्रुपवर टाकलं. वर लिहिलं, "चोवीस वर्षं प्रेस शॉपमध्ये तयार झालेला कान. यांच्यापुढे आपण सगळे बहिरे." हे मी लिहिलं, गिरीशने नाही. हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग लागली. एकाने लिहिलं, काकांना पुढच्या डेमोला बोलवा. मी झोपेपर्यंत उत्तरं वाचत होतो.

त्या तीस माणसांत एक जण भावोजींच्याच कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. मला ते माहीत नव्हतं, पण माझ्या ओळीतून त्याला जे कळायचं ते कळलं. त्याने फारसं वाईट केलं नाही. आपलं काम केलं. मंगळवारी भावोजींना ऑफिसात बोलावलं, मोबाइल समोर ठेवला, आणि बाहेरच्या दवाखान्यात कानांची तपासणी होऊन कागद येईपर्यंत कामावर येऊ नका असं सांगितलं. तपासणीची तारीख दहा दिवसांनंतरची मिळाली.

बुधवारी सकाळी सव्वासहाला बेल वाजली. दारात भावोजी, कंपनीचा निळा शर्ट, हातात डबा.

"आशिषचा केमिस्ट्रीचा पेपर राहिलाय, मग बायो," ते म्हणाले. "त्याला कळायला नको. रोजच्यासारखा निघालो. तीनपर्यंत इथे बसू का?"

मी बाजूला झालो. ते आत आले, सोफ्याच्या त्याच टोकाला बसले, डबा मांडीवर. सिस्टिम बंद होती. काळ्या पडद्यात त्यांचं प्रतिबिंब दिसत होतं आणि मागे माझं, दात घासायचा ब्रश हातात घेतलेलं.

मी आंघोळ करून आलो, कपडे केले. निघताना त्यांच्यासमोरून जावंच लागतं, हॉल तेवढाच आहे. त्यांनी हात किंचित वर केला.

"सतीश, एक विचारू? पहिल्या तीन वेळा खरंच काही बदललं नव्हतं का?"

मी खोटं बोलू शकलो असतो. थोडं बदललं होतं, असं म्हणता आलं असतं.

"नव्हतं," मी म्हटलं. त्यांना कळावं म्हणून मान हलवून सांगितलं.

"मला वाटलं होतं फरक आहे," ते म्हणाले, आणि डब्याची कडी उघडून पुन्हा लावली.

ते दहा दिवस असे गेले. मी निघेपर्यंत आम्ही एकमेकांना चुकवायचो, सोळा बाय दहाच्या खोलीत जितकं चुकवता येतं तितकं. मेधा त्यांना चहा द्यायची, पोहे द्यायची. ते डबा बारा वाजता उघडायचे, कारखान्यात जेवणाची सुट्टी व्हायची तेव्हाच. दुपारी ती त्यांना वर्तमानपत्र द्यायची. एका रात्री ती मला म्हणाली, "ओरडत का नाहीत ते तुझ्यावर? मी तर ओरडले असते." मी म्हटलं, मुलाची परीक्षा आहे ना. ती म्हणाली, "तुझ्यासाठी नाही थांबलेले, एवढं तरी कळतंय तुला."

तपासणीला बरोबर कोणीतरी नातेवाईक हवा होता. ताईला घर सोडता येत नव्हतं, त्या दिवशी आशिषचा पेपर होता. तिने फोन करून फक्त दिवस आणि वेळ सांगितली आणि ठेवला. मी रजा टाकली.

उल्हासनगरच्या त्या दवाखान्यात एक काचेची खोली होती. आतून सगळीकडे खाचा पाडलेला करडा फोम. दार बंद झालं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की किती सुंदर खोली आहे, इथे सात-एक काय वाजेल. हा विचार आला. मी तो लपवत नाही.

भावोजी आत स्टुलावर, कानाला हेडफोन, हातात बटण. तपासणाऱ्या बाईंचं मशीन काचेच्या बाहेर, मधे उभा पुठ्ठा, त्यामुळे त्यांचे हात आतून दिसत नव्हते. मला बाईंच्या मागच्या बाकावर बसवलं होतं. मला मशीन दिसत होतं. सूर सोडला की एक हिरवा दिवा लागायचा.

सुरुवातीचे जाड सूर त्यांनी ओळखले. मग दिवा लागायचा आणि बटण दाबलं जायचं नाही. लागायचा, विझायचा. भावोजींनी आधी पुठ्ठ्याकडे बघितलं, बाईंच्या खांद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

त्यांना काय हवंय हे मला कळलं. मनगटाची गोष्ट त्यांनीच मला सांगितली होती. दिवा लागला की मी फक्त पापणी हलवायची होती. बाईंची माझ्याकडे पाठ होती. दिवा लागला. ते माझ्याकडे बघत होते, चेहऱ्यावर विनंतीसुद्धा नव्हती, नुसतं थांबलेपण होतं. पुन्हा लागला. मी मनाशी म्हटलं की हे त्यांच्या भल्याचंच आहे, मशीनवर एखाद दिवशी बोटं जातील. पण खरं कारण वेगळं होतं. त्यांना नेमकं किती ऐकू येतं हे मला जाणून घ्यायचं होतं. मला तो आलेख बघायचा होता.

मी खिशातून मोबाइल काढला आणि त्यात बघत बसलो.

कागदावरची रेघ डावीकडे बरी होती, मग उतारावरून घसरल्यासारखी खाली गेली आणि बारीक सुरांच्या बाजूला अगदी तळाला टेकली. बाई म्हणाल्या, "बरीच वर्षं झाली असणार. घरी कुणाच्या लक्षात नाही आलं?" भावोजी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

त्यांना प्रेसवरून काढलं. पॅकिंगला बसवलं, खोक्यांना टेप लावायला. तिथली माणसं त्यांच्याशी हातवारे करून बोलायची. ज्यांच्याबरोबर चोवीस वर्षं काढली, तीही अंगठा वर-खाली करून दाखवायला लागली. दीड वर्षाने त्यांनी लवकर निवृत्ती घेतली.

आशिषला शेवटच्या पेपरनंतर ताईने सांगितलं. त्याच आठवड्यात मी मांजर्लीला गेलो. भावोजी बाजारात गेले होते. ताई तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही. मला काहीतरी बोलायचं होतं म्हणून मी म्हटलं, "ताई, एका अर्थी बरंच झालं बघ. एखाद्या दिवशी मागून फोर्कलिफ्ट आली असती, त्यांना ऐकू आलं नसतं."

तिने ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"चोवीस वर्षांत नाही आली, सतीश," ती म्हणाली. "तू आलास."

सिस्टिम मी विकली नाही. तसं केलं असतं तर लिहायला बरं दिसलं असतं. उलट नंतर वूफर बदलून मोठा घेतला. ग्रुप आहे, गिरीश आहे, आता नव्या पद्धती आल्या आहेत आणि आम्ही त्यांच्यावरून भांडतो. फक्त परीक्षेच्या दिवसांत घर शांत झालं की मला त्या सोफ्याच्या टोकाकडे बघवत नाही, आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही.

आशिष आता पुण्याला नोकरी करतो. पहिल्या वर्षीच त्याने वडिलांना कानाचं यंत्र आणून दिलं, छोटंसं, कानामागे बसणारं. त्यांना आता ताईचा आवाज ऐकू येतो म्हणे. पहिल्या दिवशी त्यांनी तिला पुन्हा पुन्हा काहीतरी बोलायला लावलं होतं, असं आशिषने सांगितलं.

भाऊबीजेला मी जातो. ताई पाट मांडते, कुंकू लावते, ओवाळते, ताटातलं काही चुकू देत नाही, आणि माझ्या कपाळाकडे बघते, डोळ्यांकडे नाही. गेल्या दिवाळीत मी आत शिरलो तेव्हा भावोजी खिडकीपाशी आशिषशी बोलत होते. मला बघून हसले, "ये, ये" म्हणाले, आणि कानामागे हात नेऊन यंत्र काढलं. एका छोट्या डबीत ठेवलं. डबीचं झाकण लावलं आणि माझ्यासमोर येऊन बसले.

"बॅटरी गेली का?" मी आशिषला विचारलं.

"नाही," तो म्हणाला. त्याला लपवायचं काही नव्हतं. "मामा, तू आलास की काढतात. बाकी दिवसभर असतं."

मी बोलत राहिलो. ईशाच्या शाळेचं, नदीच्या पाण्याचं, चकल्या छान झाल्यात असं. ते माझ्या तोंडाकडे बघतही नव्हते. हसून मान हलवत होते, प्रत्येक वाक्याला, सारखीच.

निघालो. ताईने दार लावलं. मी जिन्याच्या पाच-सहा पायऱ्या उतरलो असेन, तेवढ्यात बंद दाराआडून त्यांचा आवाज आला, यंत्र नसलं की निघतो तसा मोठा.

"गेला का?"

ताईचं उत्तर ऐकू आलं नाही. तिने मान हलवली असेल.